पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवण्याआधी काय तपासावे?

प्रश्न

माझ्याकडे १९६०च्या दशकाच्या अखेरीची, चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची गाडी आहे. तिची वायरिंग १२ व्होल्टची आणि निगेटिव्ह अर्थची आहे, डिस्ट्रिब्युटर ल्युकास २५डी४ जातीचा आहे, आणि इग्निशन अजून मूळचे, म्हणजे सीबी पॉइंट व कंडेन्सरचे आहे. पॉइंटचा गॅप ०.३८ मिलिमीटर नेमका लावला तरी काही काळाने तो कमी झालेला आढळतो आणि टायमिंग, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ, मागे सरकलेले असते. थंड इंजिन सुरू व्हायला वेळ लागतो. त्याहून त्रासदायक गोष्ट अशी की, चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिन मिसिंग करते, म्हणजे मधूनमधून स्पार्क चुकून अडखळते, आणि पाय थोडा सैल केला की पुन्हा सुरळीत चालते.

डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली मावणारे, कॅमवर चुंबकाची रिंग आणि बेस प्लेटवर छोटे मॉड्यूल अशा रचनेचे किट बसवावे, असा माझा विचार आहे. त्यासंबंधी काही शंका आहेत. जुनी कॉइल तशीच ठेवता येते का? मूळ वायरिंगमध्ये काही बदल करावे लागतात का? गाडीचा टॅकोमीटर (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा मीटर) त्यानंतर चालेल का? आणि मुख्य म्हणजे, हे केल्याने मिसिंग जाईल अशी अपेक्षा ठेवणे योग्य आहे का?

पहिला प्रतिसाद

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत. पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा व तोडणारा एक स्विच आहे, आणि आपण विचारात घेतलेले किट केवळ तो स्विच बदलते. कॉइल, रोटर, कॅप, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट, फेऱ्यांनुसार टायमिंग पुढे नेणारी वजने व स्प्रिंगा, व्हॅक्युमचा डायफ्राम आणि बॅटरीपासून कॉइलपर्यंत येणारी वायर हे सारे जसे होते तसेच राहते. मिसिंगचे मूळ पॉइंटमध्ये असेल तर ते जाईल, इतरत्र असेल तर नवे मॉड्यूल बसवूनही इंजिन त्याच चढावर तसेच अडखळेल, आणि तेव्हा दोष नव्या सामानाचा की जुन्या दुखण्याचा हे ठरवणे अधिक अवघड होऊन बसेल.

गॅप कमी होत जाण्याचे कारण सरळ आहे. कॅमवर घासणारा पॉइंटचा फायबरचा तुकडा झिजतो, त्यामुळे पॉइंट कमी उघडतात आणि उशिरा उघडतात. चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ९० अंश येतात. आपल्या जातीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये त्यांपैकी सुमारे ६० अंश (तीन अंश इकडेतिकडे) पॉइंट बंद असावे लागतात. या बंद असण्याच्या कोनाला ड्वेल म्हणतात, आणि तो एक अंशाने वाढला की क्रँकच्या मापाने टायमिंग साधारण एक अंश मागे जाते. म्हणजे ड्वेल ५८ वरून ६२ वर गेला तर टायमिंग चार अंशांनी रिटार्ड झाले, आणि तेही कोणी डिस्ट्रिब्युटरला हात न लावता. फायबर फार लवकर झिजत असेल, तर कॅमवर ग्रीस आहे का आणि कॅमचा पृष्ठभाग खरखरीत झाला आहे का, हे आधी पाहावे. कोरड्या कॅमवर उत्तम प्रतीचे पॉइंटही टिकत नाहीत.

आता एक चाचणी करून पाहावी. व्हॅक्युमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे, ड्वेल मीटर लावावा आणि स्लो रनिंगपासून सुमारे ३००० फेऱ्यांपर्यंत इंजिन हळूहळू न्यावे. या प्रवासात ड्वेल तीन अंशांहून अधिक हलला, तर शाफ्टचे बुश झिजले आहेत किंवा बेस प्लेट सैल आहे असे समजावे. (नळी काढण्याचे कारण असे की, व्हॅक्युमने बेस प्लेट फिरली की काही डिस्ट्रिब्युटरमध्ये ड्वेलही बदलतो आणि निष्कर्ष फसवा निघतो.) शाफ्टचा आडवा प्ले चुंबकाची रिंग काही अंशी झाकते, कारण तिला कॅमच्या टोकांशी देणेघेणे नसते. चारपैकी एखादे टोक जास्त झिजले असले, तरी चुंबकांमधले अंतर समानच राहते. पण रिंग त्याच डगमगणाऱ्या शाफ्टवर बसलेली असते, म्हणून प्ले फार असेल तर तो दुरुस्त केल्यावाचून गत्यंतर नाही. अडकलेली वजने आणि फाटलेला डायफ्राम यांच्यावर तर मॉड्यूलचा काहीच परिणाम होत नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. त्यात फक्त विजेची बाजू जोडतो, कारण किट बसवल्यानंतर येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथे असते.

प्रथम कॉइलच्या दोन्ही वायरी काढून तिच्या प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीचा करंट जिच्यातून जातो त्या गुंडाळीचा, रोध मोजावा. तो ३ ओहमच्या आसपास असेल तर ती थेट १२ व्होल्टवर चालणारी कॉइल आहे आणि तिच्यातून सुमारे ४ ॲम्पिअर करंट जातो. एवढा करंट या प्रकारच्या मॉड्यूलला साधारणपणे चालतो, त्यामुळे ती कॉइल बदलण्याची गरज नाही. रोध १.५ ओहमच्या आसपास निघाला तर ती बॅलास्टची, म्हणजे वाटेतल्या रोधामुळे कमी व्होल्टेजवर चालणारी, कॉइल आहे, आणि तिच्या मागे वायरिंगमध्ये कुठेतरी तेवढ्याच रोधाचा बॅलास्ट रेझिस्टर असायला हवा. काही गाड्यांमध्ये तो चिनी मातीच्या स्वतंत्र तुकड्याच्या रूपात दिसतो, तर काहींमध्ये वायरिंगच्या जुडग्यात दडलेली रोधक वायर हेच काम करते आणि बाहेरून पाहून तिचा पत्ता लागत नाही. अशा जोडणीत इंजिन बंद, स्विच चालू आणि पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकावर जवळजवळ निम्मेच, म्हणजे सुमारे ६ व्होल्ट मिळतात. तिथेच मॉड्यूलची पुरवठ्याची वायर जोडली तर त्याला पोटभर व्होल्टेज मिळत नाही, आणि स्टार्टर फिरत असताना बॅटरीच १० व्होल्टच्या आसपास उतरलेली असल्यामुळे परिस्थिती आणखी बिकट होते. म्हणून बॅलास्ट असेल तर मॉड्यूलची ती वायर बॅलास्टच्या अलीकडे, इग्निशन स्विचकडून येणाऱ्या पूर्ण १२ व्होल्टवर जोडावी आणि कॉइल बॅलास्टमधूनच चालू ठेवावी.

‘जोरदार स्पार्क’ देणाऱ्या ०.७ ओहमच्या कॉइलचा मोह टाळावा. साधा भागाकार केला तरी १२ व्होल्टवर तिच्यातून १७ ॲम्पिअर जाऊ पाहतात हे लक्षात येते. अशी कॉइल फक्त करंट मर्यादित ठेवणाऱ्या किंवा ड्वेल स्वतः ठरवणाऱ्या मॉड्यूलसोबत वापरायची असते. साध्या मॉड्यूलसोबत ती लावली तर आधी मॉड्यूल आणि मग कॉइल तापून निकामी होते.

कंडेन्सर काढून टाकावा. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये आर्क होऊ न देणे आणि कॉइलचा करंट झटक्यात तोडण्यास मदत करणे ही त्याची कामे आता ट्रान्झिस्टर करतो. कॉइलच्या पॉझिटिव्ह बाजूला रेडिओची खरखर कमी करणारा वेगळा कंडेन्सर असेल, तर तो राहिला तरी चालतो. दोघांची गल्लत होऊ देऊ नये.

जोडणी उलटी झाली तर बहुतेक मॉड्यूल क्षणात जळतात. आपली गाडी निगेटिव्ह अर्थची आहे असे आपण लिहिले आहे, तरीही बॅटरीची कोणती केबल बॉडीला गेली आहे हे डोळ्यांनी पाहून खात्री करावी. त्या काळात पॉझिटिव्ह अर्थच्या गाड्याही विपुल होत्या आणि मधल्या वर्षांत त्यांपैकी कित्येकांची वायरिंग उलटवली गेली आहे. पॉझिटिव्ह अर्थसाठी आणि ६ व्होल्टसाठी वेगळी मॉड्यूल असतात.

आणखी एक सवय बदलावी लागेल. इंजिन बंद ठेवून इग्निशन स्विच चालू ठेवू नये. साध्या रचनेच्या मॉड्यूलमध्ये इंजिन ज्या स्थितीत थांबते त्यानुसार कॉइलमधून सलग करंट वाहत राहू शकतो. थांबलेल्या इंजिनात करंट आपोआप तोडण्याची सोय नव्या रचनांमध्ये असते, पण ती आपल्या किटमध्ये आहे की नाही हे माहितीपत्रक वाचून ठरवावे.

तिसरा प्रतिसाद

मी थोडा विरोधी सूर लावतो. वर्षभरात मोजकीच धावणाऱ्या गाडीत पॉइंट ठेवण्यात काहीच गैर नाही. पॉइंटची व्यवस्था बिघडते ती सांगून-सवरून. आधी स्टार्टिंग जड होते, मग मिसिंग सुरू होते, आणि तरीही कानशीने संपर्क घासून, फीलर गेज नसेल तर जाड कागदाच्या अंदाजाने गॅप लावून गाडी घरी आणता येते. मॉड्यूल जाते तेव्हा पूर्वसूचना देतेच असे नाही, आणि रस्त्याच्या कडेला त्याची दुरुस्ती होत नाही. म्हणून किट बसवलेच, तर काढलेली बेस प्लेट पॉइंट व कंडेन्सरसह, गॅप लावलेल्या स्थितीत, गाडीतच ठेवावी.

या बदलामागचा इतिहासही या ठिकाणी लक्षात घेण्यासारखा आहे. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची ही पद्धत १९१०च्या सुमारास चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅकसाठी रूढ केली आणि ती साठ वर्षांहून अधिक काळ टिकली. क्रायस्लरने १९७३च्या आपल्या अमेरिकी गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट दिले, जनरल मोटर्सनेही १९७५पर्यंत तोच मार्ग धरला, आणि त्याला चालना मिळाली ती प्रामुख्याने धुराच्या नियमांमुळे. कारखान्यातून बाहेर पडताना लावलेले टायमिंग हजारो मैलांनंतरही तसेच राहिले पाहिजे, ही त्या नियमांची गरज होती. तेव्हा या बदलातून ताकद वाढेल अशी आशा धरू नये. लावलेले टायमिंग लावल्या जागी राहते, हाच त्याचा खरा लाभ आहे, आणि रोज चालणाऱ्या गाडीत तो लाभ मोठा आहे हे मला मान्य आहे.

मधला मार्गही आहे. पॉइंट जागेवर ठेवून कॉइलचा जड करंट ट्रान्झिस्टरने तोडायचा आणि पॉइंटमधून केवळ लहानसा इशाऱ्याचा करंट जाऊ द्यायचा. यात संपर्क जळत नाहीत, मात्र फायबर झिजतोच, त्यामुळे गॅप अधूनमधून पाहावा लागतो. गडबड झालीच तर दोन वायरी बदलून मूळ जोडणीवर परत येता येते. उच्च फेऱ्यांवर पॉइंट उसळण्याची अडचण मात्र यात तशीच राहते.

आपल्या मिसिंगबद्दल माझा संशय कंडेन्सरवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या अर्थ वायरीवर आहे. बेस प्लेटला बॉडीशी जोडणारी ती छोटी विणलेली वायर प्लेट फिरेल तशी वाकते, आणि वर्षानुवर्षे वाकून आतल्या आत तुटते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्युम कमी होतो, प्लेट सरकते, वायरीची तुटलेली टोके दूर होतात आणि अर्थ जातो. पाय सैल केला की टोके पुन्हा टेकतात. आपण लिहिलेली लक्षणे याच्याशी बरीच जुळतात. मॉड्यूल त्याच प्लेटमधून अर्थ घेणारे असेल, तर किट बसवल्यावरही हा दोष तसाच राहील.

चौथा प्रतिसाद

टॅकोमीटरचा प्रश्न मागे राहिला आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. टॅकोमीटरचा प्रकार आधी ओळखावा. कॉइलच्या निगेटिव्ह टोकावर एकच वायर जोडलेला टॅकोमीटर व्होल्टेजच्या झटक्यांवर चालतो आणि तो बहुधा किटसोबतही चालतो. ज्यात स्विचकडून कॉइलला जाणारी वायरच मीटरच्या मागून वळसा घेऊन जाते, तो करंटच्या झटक्यांवर चालणारा जुना प्रकार आहे. तो काही मॉड्यूलसोबत अडखळतो किंवा काटा उड्या मारू लागतो, कारण पॉइंट व कंडेन्सरमुळे करंटला मिळणारा आकार आता बदललेला असतो. मॉड्यूलचा पुरवठा कुठून घेतला आहे, यावरही तिथे बरेच काही अवलंबून असते. मॉड्यूलची वायर त्या वळशाच्या अलीकडून घेऊन पाहावी, आणि तरीही जमत नसेल तर मीटरच्या आतील सर्किट बदलून घेण्याचा पर्याय उरतो.

प्लगच्या वायरी तांब्याच्या सलग तारेच्या असतील तर त्या बदलाव्यात. त्यांच्यातून निघणारी विद्युत खरखर पॉइंटला कळतही नाही, पण हॉल सेन्सरला, म्हणजे मॉड्यूलमधल्या चुंबक ओळखणाऱ्या भागाला, ती चुकीचा इशारा वाटू शकते. रोध असलेल्या किंवा बारीक तार गुंडाळलेल्या गाभ्याच्या वायरी वापराव्यात. रोटरही पाहावा. त्याची पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असेल आणि त्या रिव्हेटखालचे प्लास्टिक पातळ असेल, तर उच्च दाबाचा करंट तिथूनच शाफ्टमध्ये उतरतो आणि इंजिन नेमके भाराखाली मिसिंग करते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सुचवलेल्या तपासण्या केल्या, त्यांचे निष्कर्ष देत आहे. व्हॅक्युमची नळी काढून स्लो रनिंगला ड्वेल ६१ अंश आणि ३००० फेऱ्यांना ५९ अंश मिळाला. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हाताने हलवून पाहता किंचित प्ले जाणवतो. बेस प्लेटची अर्थ वायर शाबूत आहे, ती प्लेट पूर्ण फिरवत मल्टिमीटरने तपासली. कॉइलचा प्रायमरी रोध ३.१ ओहम आहे. स्विच चालू आणि पॉइंट मिटलेले असताना बॅटरीच्या टोकांवर १२.४ व्होल्ट आणि कॉइलच्या पॉझिटिव्हवर १०.६ व्होल्ट दिसतात. यावरून बॅलास्ट नाही असे मी समजतो. मग किट मागवण्यास हरकत नाही ना?

दुसरा प्रतिसाद देणारे

बॅलास्ट नाही हे बरोबर आहे, पण १.८ व्होल्ट वाटेत नाहीसे होतात याकडे दुर्लक्ष करू नये. अर्धा व्होल्ट घट समजून घेता येते. याहून अधिक घट म्हणजे कुठेतरी जोड खराब आहे. हिशेब करून पाहू. आपल्या कॉइलमधून १०.६ भागिले ३.१, म्हणजे ३.४ ॲम्पिअर जात आहेत. वाटेत काही घट नसती तर ४ गेले असते. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून स्पार्कसाठी उपलब्ध ऊर्जा पाव भागाहूनही थोडी अधिक घटली आहे. आता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगच्या गॅपमध्ये स्पार्क पडण्यासाठी जास्त व्होल्टेज लागते. फेऱ्याही वाढलेल्या असल्या तर कॉइल भरायला वेळही कमी मिळतो. १००० फेऱ्यांना पॉइंट सुमारे २० मिलिसेकंद मिटलेले असतात, ५००० फेऱ्यांना केवळ ४. ज्या कॉइलला आधीच कमी व्होल्टेज मिळते, तिची तारांबळ तिथे उघडी पडते. मिसिंगचे कारण इथे सापडण्याची शक्यता मला बरीच वाटते.

शोध असा घ्यावा. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवावे आणि दुसरे टोक क्रमाने फ्यूज असल्यास त्याच्या दोन्ही बाजू, इग्निशन स्विचची आत येणारी व बाहेर जाणारी टोके, वाटेतले प्रत्येक कनेक्टर आणि शेवटी कॉइल असे लावत जावे. करंट चालू असतानाच मोजावे, कारण करंट नसेल तर सगळे जोड उत्तम भासतात. जिथे आकडा एकदम उडी घेतो, तिथे दोष आहे. एवढ्या जुन्या गाडीत तो बहुतेक वेळा इग्निशन स्विचच्या झिजलेल्या संपर्कांत किंवा हिरवट झालेल्या कनेक्टरमध्ये निघतो. त्या वाटेवर सुमारे सहा वॅट उष्णता होत आहे, तेव्हा हात लावून गरम जोड ओळखता येतो. प्रत्येक मोजणी झटपट उरकून स्विच बंद करावा, कॉइल आणि पॉइंट उगाच तापवत ठेवू नयेत.

पहिला प्रतिसाद देणारे

ड्वेलमधला दोन अंशांचा फरक मर्यादेत आहे, त्यामुळे बुश बदलण्याची घाई नाही. माझ्या मते क्रम असा ठेवावा: आधी व्होल्टेजची घट काढून टाकावी, मग पॉइंटवरच तोच चढ पुन्हा चढून पाहावा. मिसिंग गेले तर गाडी निरोगी झाली आणि किट बसवणे हा केवळ देखभाल कमी करण्याचा निर्णय उरतो. मिसिंग राहिले तर नवा कंडेन्सर, नंतर रोटर आणि कॅप, या क्रमाने एकेक बदल करावा. दोन बदल एकाच वेळी करू नयेत.

किट बसवताना रोटरच्या टोकाची दिशा डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर खूण करून ठेवावी, रिंग कॅमवर तळापर्यंत बसली आहे आणि फिरताना मॉड्यूलला घासत नाही याची खात्री करावी, आणि आतल्या वायरी प्लेट दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहूनच बांधाव्यात. नंतर टायमिंग नव्याने लावणे अपरिहार्य आहे, कारण मॉड्यूलच्या इशाऱ्याचा क्षण पॉइंट उघडण्याच्या क्षणाशी क्वचितच जुळतो. फरक पुष्कळ अंशांचा असू शकतो. पॉइंटसाठी वापरतो तो दिवा लावून थांबलेल्या इंजिनावर टायमिंग ठरवण्याची रीत या मॉड्यूलबाबत भरवशाची नाही. इंजिन चालू ठेवून, व्हॅक्युमची नळी काढून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांवर टायमिंग लाइटनेच ते लावावे. त्यानंतर फेऱ्या हळूहळू वाढवून खूण पुढे सरकते आणि सोडल्यावर मूळ जागी परत येते का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

प्लगचा गॅप मूळ ०.६४ मिलिमीटरच ठेवावा. कॉइल तीच आहे, म्हणून तिला वाढीव काम देण्याचे कारण नाही.